उसन्या धानावरचे पाय

लाखनीत बेकारी मोजण्याचं काम मारोतरावांच्या चहाटपरीवर होई. एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात टपरीनं निकाल दिला: गावातल्या पोरांना काम नाही, याचं कारण भैय्यालाल सेठच्या राईस मिलमधले अठरा छत्तीसगडी मजूर. निकाल सोपा होता. ते कारण डोळ्यांना दिसत होतं आणि वेगळी भाषा बोलत होतं.

सोमाजी त्या मिलमध्ये बारा वर्षांपासून हमाल. त्याचा साळा इश्वर दोन वर्षांपासून बेकार, आणि जेवायला सोमाजीकडेच.

"भाऊजी, ते अर्ध्या मजुरीत राबून राहिले. उद्या तुमच्या पाठीवरचं पोतंही सेठ त्याईलेच देईन."

साळ्याला काम मिळालं तर घरातलं एक ताट कमी होईल, एवढीच सोमाजीची आशा होती. आता पाठीचीही काळजी लागली.

छत्तीसगडी टोळीला घालवा म्हणून हमालांनी पोती उचलणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी सेठनं टोळीला राजनांदगावकडे रिकाम्या निघालेल्या ट्रकमध्ये बसवून दिलं. पटांगणात नुकताच उकडलेला धान वाफाळत पसरला होता. ट्रकमध्ये चढता चढता एक म्हातारी सोमाजीला म्हणाली, "घेरी-बेरी पलटबे बाबू, नइ तो बस्साही." सारखा उलथत राहा, नाहीतर वास मारेल. हाकलून दिलेली बाई मालकाच्या धानाची काळजी करते, याचं हमालांना फार हसू आलं.

उसना, म्हणजे उकडलेला, धान अनवाणी चालत, पायांनी सऱ्या पाडत उलथावा लागतो. वर एप्रिलचं ऊन, खाली तापलेलं सिमेंट. टोळीच्या जागी लागलेल्या इश्वरनं पहिली फेरी चालत मारली, दुसरी नाचत, आणि तिसऱ्या फेरीला तो टपरीवर होता.

"हे माणसाचं काम नाही जी, भाऊजी," तळवे फुंकत तो म्हणाला.

"मंग इतके दिवस कोण करत होतं?"

"तेच तं सांगून राहिलो."

धान बसला आणि वास मारू लागला. सुका धान नाही म्हणून मिल बंद. मिल बंद म्हणून पोती नाहीत. टपरीवरच्या बेकारांत सहा हमालांची भर पडली. मारोतरावांचा धंदा मात्र घटला. अठरा छत्तीसगडी रोज रोखीनं चहा पीत. हमाल नुसतेच बसत.

महिन्यानं सेठनं मिल अर्धीच उघडली. सोमाजी दारात जाऊन उभा राहिला.

"हमाल दोनच ठेवतो, जवान. पटांगणात पायाचं काम आहे. मजुरी त्याईचीच, अर्धी."

"बारा वर्सं झाली जी सेठ मले इथं."

"म्हणून तं तुले पहिले विचारलं."

सोमाजीची बायको रुखमा रोज त्याच्या तळव्यांना एरंडेल चोळी. आठवड्यात कातडं सोललं. पावसाच्या तोंडावर खालून दुसरं आलं, जाड.

एका दुपारी तो सऱ्या पाडत असताना कुंपणापलीकडून इश्वरचा आवाज आला. टपरीवर नवा निकाल लागत होता.

"आपलेच लोकं अर्ध्या मजुरीत राबून राहिले, तं आमाले काम कुठून भेटन गा?"

सोमाजी जागीच थांबला. पण पायाखालचा धान ओला होता. थांबला तर वास मारेल, म्हणून तो पुन्हा चालू लागला.