ऑर्विलच्या पेन्सिलीचे आकडे

ऑर्विल गेल्यानंतरच्या हरणांच्या शिकारीच्या पहिल्याच मोसमात माझी मुलगी लॉर्ना म्हणाली, "आई, यंदा काडतुसं मी भरणार. बाबांच्या बाकावर, बाबांच्या पुस्तकावरून."

तळघरातल्या त्या बाकावर ऑर्विलने चाळीस वर्षं काडतुसं भरली. झाडलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी घासूनपुसून घ्यायची, दारू तोलून घालायची, वर गोळी बसवायची. कुठल्या बंदुकीला किती दारू, ते पुस्तकात छापलेलं असतं. समासात मात्र त्याची पेन्सिल. आमच्या मोंटानाच्या या डोंगरात छापील आकड्यापेक्षा घरच्या पेन्सिलीला मान जास्त.

"एखादं नवीन पुस्तक बघू या की," मी एवढंच म्हटलं.

डेलच्या बंदुकांच्या दुकानात शिरलो, तर त्याने सवयीने वाळवलेल्या मांसाची बरणी पुढे सरकवली.

"शुक्रवार आहे, डेल. आज मांस नाही."

"एखादा शुक्रवार विसरलात तर देव काही हजेरी घेत नाही, ॲग्नेसबाई!"

मग लॉर्नापुढे त्याने दोन जाडजूड पुस्तकं ठेवली. "हे गोळी बनवणाऱ्यांचं, हे दारू बनवणाऱ्यांचं. एका पुस्तकावर कधी बार भरू नये. दोन्ही ताडून बघायची आणि कमीतल्या कमीपासून सुरू करायचं."

"माझ्याकडे बाबांचं आहे ना."

"मग मिटलंच! ऑर्विलचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

लॉर्नाने दोन्ही पुस्तकं परत केली. कोटाच्या खिशात माझी बोटं जपमाळेवर घट्ट झाली.

दोन वर्षांपूर्वी याच माळेवर माझा हात ठेवून ऑर्विल म्हणाला होता, "मी विसरायला लागलोय, हे लॉर्नाला कळू देऊ नकोस. तिच्यापुढे मला शहाणाच राहू दे." मी शपथ घेतली. रोजचा जप मी कधी चुकवला नाही, ही शपथही नाही. शेवटी त्याच्या हृदयाने दगा दिला. दफनाच्या वेळी सगळे म्हणाले, डोकं मात्र अखेरपर्यंत लख्ख होतं हो. मी मान डोलावली.

घरी आल्याबरोबर लॉर्ना तळघरात गेली. तराजू मांडल्याचा आवाज आला, तेव्हा मीही खाली उतरले.

"आई, हे बघ ना!" ती हसत होती. समासात लिहिलं होतं, 'लॉर्नासाठी हलका बार. पोरगी दहा वर्षांची, खांदा दुखतो.' खाली तारीख गेल्या वर्षीच्या मार्चची. "बाबा पण ना! तारीख चुकली."

लॉर्ना एकेचाळीस वर्षांची आहे.

मी देवाची क्षमा मागितली आणि बोलले, "तारीख बरोबर आहे, बाळ. आकडा छापलेल्याशी ताडून बघ."

तिने बोट ठेवून पाहिलं. तो हलका बार पुस्तकातल्या सगळ्यात मोठ्या बाराच्याही वर होता. बंदूक तिच्या तोंडाशीच फुटली असती.

तिने तराजू बाजूला सरकवला.

"तुला माहीत होतं?"

"शपथ घातली होती त्याने."

"मी फोन केला की तू म्हणायचीस, बाबा झोपलेत. रोज झोपलेत." तिचा आवाज फुटला. "मला वाटायचं, त्यांना माझ्याशी बोलायचंच नाहीये. म्हणून नाताळला आले नाही, आई. रुसून आले नाही."

इतके उपास केले, इतका जप केला, पण बापलेकीमधला तो एक नाताळ मीच खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ती डेलची दोन्ही पुस्तकं घेऊन आली आणि बाकावर ठेवली. ऑर्विलचं जुनं पुस्तक कोटाखाली धरून निघाली.

"त्यावरून भरू नकोस गं."

"नाही भरत."

दारात ती क्षणभर थांबली. तिच्या नकळत तिचा डावा हात उजवा खांदा चोळत होता.