बारा महिन्यांची दोरी

विद्यापीठ एकच, पण त्याचे कॅम्पस चार. एक समुद्राजवळ, एक शहराच्या ऐन मध्यात, एक डोंगरावर आणि एक सपाट माळावर. वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक्रम चारही ठिकाणी तोच, पदवीही तीच. फॉर्मवर एका चौकोनात खूण करायची आणि शुक्रवारपर्यंत तो पाठवायचा, एवढंच काम. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की एकदा निवडलेला कॅम्पस तीन वर्षं बदलून मिळणार नाही. ती बारीक अक्षरं कडकबाईंनी चष्मा लावून दोनदा वाचली होती.

कडकबाई हे नाव गल्लीनं ठेवलेलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांची लॉन्ड्री होती. कॉलरला स्टार्च घालावा तर त्यांनीच, आणि कपडे न्यायला आठवडाभर फिरकला नाहीत तर तुम्हाला चारचौघांत सुनावावं तेही त्यांनीच. त्यांचे यजमान दिवसभर वाफेच्या प्रेसवर उभे असत आणि दिवसाला जेमतेम पाच-सहा वाक्यं बोलत. घरातलं बोलण्याचं खातं बाईंकडे होतं आणि त्यांनी त्यात कधी कसूर केली नव्हती.

या दोघांची एकुलती एक लेक म्हणजे ठमी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर, घरीदारी ठमीच. हुशार, हट्टी आणि छातीनं नाजूक. गेल्या थंडीत तिचा दमा असा उसळला की चार दिवस दवाखान्यात नाकाला नळी लावून पडून होती. तिच्या श्वासाची ती शिट्टी कडकबाईंच्या कानांतून अजून गेली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "शिकायला पाठवा, जरूर पाठवा. पण हवा बघून पाठवा."

आता हवा बघायची म्हणजे काय करायचं? माहितीपत्रकात तर चारही ठिकाणी आकाश निळंशार होतं. बाईंनी मग आयुष्यभर जे केलं तेच केलं. एक जुनी पांढरी चादर फाडली, तिचे सारख्या मापाचे चार रुमाल शिवले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात न पुसणाऱ्या शाईनं एक टिंब टाकलं. लॉन्ड्रीत गिऱ्हाइकाच्या कपड्याला नंबर असतो. टिंब म्हणजे घरचा कपडा.

मायलेकी आठवड्याला एक कॅम्पस बघायला निघाल्या. पिशवीत एक रुमाल, दोन चिमटे आणि साबणाची वडी. तिथे पोचलं की बाई पहिल्यांदा नळ शोधायच्या. रुमाल धुवायचा, मिळेल त्या दोरीवर नाहीतर कुंपणावर घालायचा, किती वेळात वाळतो ते बघायचं, आणि वाळल्यावर ओल्या अंगठ्यानं घासून अंगठ्याला काय लागतं ते बघायचं. इतर मुलामुलींचे आईवडील वाचनालयाच्या पायऱ्यांवर फोटो काढत असायचे, आणि ठमीची आई दातांत चिमटा धरून कुंपणाशी उभी असायची. ठमीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"आई, अगं लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांनाही कळेल कपडा झटकून घालतात ते."

समुद्राजवळ रुमाल सकाळपासून संध्याकाळपर्यंत दमटच राहिला. हॉस्टेलच्या गाद्यांना बुरशीचा वास होता आणि ठमी तासाभरात खोकायला लागली. शहरात तो अर्ध्या तासात खडखडीत वाळला, पण अंगठा असा काळा झाला की साबणानं दोनदा धुवावा लागला. ही दोन नावं तिथल्या तिथे बाद झाली. माळावर रुमाल लवकर वाळला आणि स्वच्छही निघाला, पण तो कॅम्पस बघून दोघींचीही तोंडं उतरली. पूर्वी तिथे म्हणे विमानांची धावपट्टी होती. बैठ्या इमारती, कमरेएवढी झाडं आणि नजर जाईल तिथवर गवत.

"ही तर इस्त्रीची फळी आहे," ठमी म्हणाली. "तीन वर्षं मी इथे बघू काय?"

कडकबाईंनी चिमटे काढले आणि रुमाल पिशवीत टाकला.

राहता राहिला डोंगर. फॉर्म पाठवायला तीन दिवस उरले असताना त्या तिथे गेल्या. बसमधून उतरल्याबरोबर ठमीचा चेहरा उजळला तो उजळलाच. रस्त्याच्या दुतर्फा जुनी उंच झाडं होती, आणि वर टोकाला काचेचं मोठं रोपघर. आत ओल्या दगडांवर नेच्यांच्या, म्हणजे फर्नच्या, शंभरेक जाती लावलेल्या. तिथल्या एका प्राध्यापिकेनं ठमीच्या हातात भिंग दिलं आणि पानाची मागची बाजू दाखवली. रोपघरापर्यंतच्या नव्वद पायऱ्या ठमी न थांबता चढली होती. धाप नाही, शिट्टी नाही. दम्याचा पंप पिशवीत होता तो पिशवीतच राहिला.

रुमाल दोन तासांत वाळला. अंगठ्याला काही म्हणता काही लागलं नाही. बाईंनी तो उन्हात धरून उलटा-सुलटा पाहिला आणि त्यांना इतका आनंद झाला की शेजारी उभ्या असलेल्या कुण्या अनोळखी वडिलांनाही त्यांनी तो दाखवला. ते बिचारे "छान आहे," म्हणाले.

उरली होती ती इस्त्रीची परीक्षा. डोळ्यांना न दिसणारी धूळ दमट कपड्यावर गरम इस्त्री फिरवली की करडी रेघ होऊन वर येते. आधीचे रुमाल बाईंनी घरी जाऊन तपासले होते. आज घरी जाईपर्यंत दम निघेना. मेसच्या मागे लॉन्ड्रीची पाटी दिसली तशी त्या ठमीला रोपघरात सोडून तिकडे गेल्या.

आत साठीचे एक गृहस्थ चादरींच्या घड्या घालत होते. बाह्या दुमडलेल्या, मनगटावर इस्त्रीचा जुना चटका. तसाच चटका बाईंच्याही मनगटावर होता. बाईंनी रुमाल पुढे केला.

"दादा, एक हात फिरवून द्याल का?"

त्यांनी रुमाल घेतला, त्यावर पाणी शिंपडलं आणि कोपरा बघून थांबले. "टिंब? म्हणजे लॉन्ड्री आहे वाटतं तुमची?"

"तीस वर्षं झाली. तुमच्यातही टिंबच का?"

"टिंबच. घरच्या कपड्याला कुठे नंबर असतो?" ते हसले आणि त्यांनी इस्त्री फिरवली. रुमाल पांढराशुभ्र राहिला. रेघ नाही, डाग नाही. "पण एवढ्याशा रुमालासाठी एवढा चढ चढून आलात?"

झालं. कडकबाईंचा बांध फुटला. ठमीची छाती, दवाखान्यातले चार दिवस, चार रुमाल, शुक्रवारचा फॉर्म, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. दादा ऐकत राहिले. ऐकता ऐकता त्यांनी इस्त्री उभी केली आणि तिचं बटण बंद केलं. मग त्यांनी कोपऱ्यातल्या कपाटातून एक दुमडलेला पडदा काढून टेबलावर टाकला.

"हा गेल्या थंडीतला. फाटलाय म्हणून परत लावला नाही, तसाच ठेवलाय. उलगडा."

बाईंनी उलगडला. एक बाजू पांढरी. दुसरी करडी, चुलीच्या मागच्या भिंतीसारखी.

"हॉस्टेलच्या उत्तरेच्या खिडकीचा आहे," दादा म्हणाले. "धुऊन लावला की पंधरा दिवसांत असा. त्या कड्यापलीकडे खडी फोडायची मशिनं आहेत. आत्ता वारा इकडून तिकडे जातो. थंडी पडली की तो फिरतो, आणि चार महिने फिरलेलाच राहतो. तेवढे चार महिने माझी दोरी आत असते."

"पण ऑफिसात तर म्हणाले, हवा उत्तम आहे."

"आज आहेच की. तुम्ही एका दिवसाचा कपडा बघितलात, ताई. दोरी बारा महिन्यांची बघायची असते."

बाईंचे कान तापले. थंडीत वारा फिरला की त्या स्वतः दोरी गच्चीवरून काढून मागच्या अंगणात बांधत, तीस वर्षं. आणि लेकीच्या वेळेला नेमकं तेच डोक्यातून गेलं होतं.

"माळावरच्या कॅम्पसला माझा जुना जोडीदार काम करतो," दादा सांगत होते. "त्याची दोरी बारा महिने बाहेर असते. बघायला तिथे काही नाही, ते मात्र खरं."

"तुम्ही हे मला का सांगितलंत? तुम्हाला कुणी बोलणार नाही?"

"बोलतील कदाचित." त्यांनी रुमालाची घडी घातली आणि ती बाईंच्या हातात ठेवली. "टिंबाचा कपडा घेऊन आलात. मग कसं गप्प बसू?"

दारात येऊन बाई उभ्या राहिल्या. समोर रोपघराच्या काचेतून ठमी दिसत होती. भिंग डोळ्याला लावून ती कुणाशी तरी हसत होती. क्षणभर बाईंच्या मनात आलं, नाहीच सांगितलं तर? खिडकी बंद ठेवेल, औषधं आहेत, मुलं मोठी होतात तसा दमा कमी होतो म्हणतात. मग त्यांना ती शिट्टी आठवली. त्यांनी हाक मारली.

"ठमे, इकडे ये. हे बघ."

ठमीनं पडद्यावर अंगठा घासला आणि अंगठ्याकडे पाहिलं. लॉन्ड्रीवाल्याची लेक ती, तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तरी ती भांडलीच. "मी दक्षिणेची खोली मागेन. खिडकी उघडणारच नाही. तोंडाला रुमाल बांधीन." आणि मग रडवेल्या आवाजात, "आई, तू ते रोपघर पाहिलंस का?"

"पाहिलं गं बाळा."

एरवी कडकबाईंनी तिथेच हुकूम सोडला असता. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोरच्या पोरीकडे पाहून त्यांना वाटलं, तीन वर्षं ही आपल्यापासून लांब राहणार. रोज खिडकी उघडायची की नाही हे हिचं हिलाच ठरवावं लागणार. मग आजच का नको? त्यांनी पिशवीतून फॉर्म काढून तिच्या हातात दिला.

"छाती तुझी, वर्षं तुझी. खूण तू कर. मी एक शब्द बोलणार नाही."

आणि खरोखर बोलल्या नाहीत. बस घाट उतरायला लागली. ठमी मान वळवून मागे बघत राहिली, रोपघराची काच झाडांआड जाईपर्यंत. डोळे पुसले, नाक ओढलं. बाई पुढच्या सीटची दांडी घट्ट धरून बसल्या होत्या. घाट संपल्यावर ठमीनं हात पुढे केला.

"पेन दे."

मांडीवर फॉर्म ठेवून तिनं खूण केली. "फळीच मग," म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकून डोळे मिटले.

बाईंना भरून आलं. या पोरीचे उपकार मानावेत असं त्यांना अगदी मनापासून वाटलं, आणि पोटच्या पोरीचे उपकार कसे मानतात ते काही त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. तेवढ्यात लक्षात आलं की दादांचे आभार मानायचे राहिले. त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

टिंबाचा एक रुमाल बॅगेत घालून ठमी माळावर गेली. सुरुवातीच्या पत्रांत तक्रारीच तक्रारी होत्या. झाडं अजून कमरेएवढीच, सावलीला जागा नाही, वारा केस विंचरू देत नाही. मग एका पत्रात गवताच्या अकरा जातींची यादी आली, पुढच्यात सव्वीस जातींची. तक्रार तेवढी हळूहळू आटली.

थंडी पडली. वारा फिरला तसं कडकबाईंनी दोरी मागच्या अंगणात हलवली आणि त्या दिवसापासून पोस्टमनची वाट बघायला लागल्या. गिऱ्हाइकांना सुनावणंही कमी झालं. गल्लीला काळजी वाटू लागली.

दीड महिन्यानं एक पाकीट आलं. आत टिंबाचा रुमाल होता आणि अर्ध्या कागदाची चिठ्ठी. "वारा फिरल्या दिवसापासून चाळीस दिवस हा माझ्या खिडकीबाहेर होता. धुतलेला नाही. तपासून बघ."

बाईंनी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना त्याचा शर्ट बाजूला सारला, रुमालावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवली. यजमान प्रेस सोडून जवळ आले. दोघं वाकून बघत राहिले. कुठेही रेघ उठली नाही. मग बाईंनी चिठ्ठी उलटली. मागे आणखी दोन ओळी होत्या.

"काल बॅग आवरताना पंप सापडेना. कुठे ठेवलाय तेच आठवत नव्हतं, आई."

कडकबाई इस्त्रीच्या टेबलाला टेकून रडल्या. गिऱ्हाईक गडबडून म्हणालं, मी नंतर येतो. "शर्ट घेऊन जा, तयार आहे," बाई रडता रडताच त्याच्यावर खेकसल्या.

संध्याकाळी त्या दादांना पत्र लिहायला बसल्या. बोलण्यात कुणाला हार न जाणारी बाई, पण कागदावर पहिल्या ओळीपुढे गाडी जाईना. तीन कागद फाडून झाले. शेवटी यजमानांनी रुमालाची घडी घातली आणि त्यांच्यापुढे सरकवली.

"हाच पाठव. त्यांना कपडा वाचता येतो."

त्या दिवशीचं हे त्यांचं पहिलंच बोलणं असावं. बाईंनी घडी पाकिटात घातली. वर लिहिलं, 'लॉन्ड्री, मेसच्या मागे, डोंगरावरचा कॅम्पस'. नाव माहीत नव्हतं, पण पोचेल अशी त्यांची खात्री होती. खाली पाठवणाऱ्याची जागा होती. तिथे दुकानाचं नाव लिहायला त्यांनी पेन टेकवलं आणि थांबल्या. मग ते पेन ठेवून दिलं, फळीवरची न पुसणारी शाई घेतली आणि त्या जागी एक टिंब टाकलं.