एकतिसाव्या पानानंतर

तार्नोंना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा त्यांच्या पुढ्यात लास्त्रीच्या कवितांचं एकतिसावं पान होतं. पेन्सिलीची रेघ अर्ध्या ओळीपर्यंत नीट गेली होती आणि मग पान सोडून टेबलावर उतरली होती. दवाखान्यातून परतल्यावर त्यांच्या बायकोनं, वेनिंगनं, टेबलावरची रेघ ओल्या फडक्यानं पुसली. पानावरची तशीच राहू दिली.

जावा बेटावर, योग्याकार्ताच्या दक्षिणेला, बांतुलमध्ये, घराच्या पुढच्या खोलीत या दोघांचं 'गांगसिर' प्रकाशन चालायचं. गांगसिर म्हणजे मातीत बीळ करून राहणारा किडा. नाव तार्नोंनीच ठेवलेलं. छापायच्या त्या फक्त कविता. एका पुस्तकाच्या तीनशे प्रती, वर्षाला दोन-तीन पुस्तकं. एकोणीस वर्षं असंच चाललं होतं. कविता तार्नो बघत. वेनिंग छापून आलेले फर्मे शिवायची, डिंक लावायची, पार्सलं बांधायची. कवितेबद्दल तिला कधी कुणी विचारलं नव्हतं आणि तीही आपणहून बोलली नव्हती.

तार्नो अंथरुणातून उठले, पण उजवा हात गेला आणि भाषा गेली. एकच शब्द मागे राहिला: 'झालं'. भात हवा असला तरी झालं, नको असला तरी झालं. लघवीला जायचं असलं तरी तेच. कुठलं 'झालं' कशासाठी, हे वेनिंग हळूहळू आवाजावरून ओळखायला लागली. शेजारणी येऊन रडून गेल्या. त्यांना तिनं चहा दिला. तिला स्वतःला रडू आलं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडी बधिर करतात, तसं तिला सगळ्या अंगभर वाटायचं. दुखत नव्हतं, आणि जेवणाची चवही लागत नव्हती.

चौथ्या महिन्यात रेम्बांगहून लास्त्री आली. चाळिशीची, शाळेत शिकवणारी. हातात खारवलेल्या माशांची पिशवी. वेनिंगनं तिचं बाड कागदात बांधून तयारच ठेवलं होतं.

"हे घेऊन जा बाई. सेमारांगला चांगली माणसं आहेत, त्यांना दे."

"बू वेनिंग," तिकडे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं लास्त्री म्हणाली, "अकरा वर्षं मी हे घेऊन फिरले. हो म्हणाले ते एकटे पाक तार्नो. आता कुणाच्या दारात जाऊ?"

"एकतीस पानंच बघून झालीत. पुढची कोण बघणार? मी शिवणारी बाई."

लास्त्रीनं खुर्चीतल्या तार्नोंकडे बघितलं. "त्यांना ऐकू येतं ना?"

"येतं."

"मग मी वाचते."

ती वाचायला लागली. दुसरी कविता अर्ध्यावर आली आणि तार्नो म्हणाले, "झालं."

लास्त्री थबकली. कागद डोळ्यांजवळ नेऊन तिनं पुन्हा वाचलं. "खरंच की हो! इथेच संपते ही. पुढच्या सहा ओळी म्हणजे नुसतं शेपूट." तिनं त्यावर काट मारली.

ते 'झालं' चहाचं होतं, हे वेनिंगला पक्कं ठाऊक होतं. तिनं चहा आणला आणि तार्नोंच्या ओठांना लावला.

लास्त्री तीन दिवस राहिली. अकरा ठिकाणी काट मारली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं मासे साफ करणाऱ्या आपल्या आईची कविता वाचली. तार्नोंना झोप लागली होती. कविता संपली तरी लास्त्री त्यांच्या 'झालं'ची वाट बघत बसली.

"शेवटचं कडवं काढ," वेनिंग म्हणाली. हातातली सुई तिनं थांबवली नव्हती.

"का?"

"आई माशाचं पोट फाडते ना, तोवर ती मला दिसते. मग तू तिच्या कष्टांचं सांगायला लागतेस. तिथून पुढे नुसती तूच दिसतेस."

लास्त्रीनं कागद खाली ठेवला. "अहो, मग इतकी वर्षं गप्प का होतात तुम्ही?"

"कुणी विचारलं नाही. आणि एक सांगते. ते सगळ्यालाच झालं म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांना चहा हवा होता."

लास्त्रीचा चेहरा लाल झाला. मग तिला हसू फुटलं. "म्हणजे चहापायी मी सहा ओळींचा जीव घेतला?" आता आपणही हसायला हवं, हे वेनिंगला कळलं. तिनं ओठ हलवले.

मग दोघींनी बाड पुन्हा पहिल्यापासून काढलं. अकरांपैकी चार ठिकाणची काट रद्द केली, सात ठिकाणची ठेवली. शेपूट काही परत लावलं नाही. लास्त्रीला 'संपादन' या शब्दापुढे तार्नो आणि वेनिंग दोघांची नावं हवी होती. वेनिंगनं ऐकलं नाही. "त्यांचं एकट्याचं असू दे," एवढंच म्हणाली.

पुस्तक ऑगस्टमध्ये निघालं. एका कॉफीच्या टपरीमागच्या अंगणात चाळीसेक माणसं जमली. एक म्हातारे कवी उठून म्हणाले, "तार्नो आजारी असला तरी हात तोच आहे. मी ओळखला."

लास्त्री लगेच उभी राहिली. "एकतिसाव्या पानापर्यंत त्यांचा हात, पाक. पुढचा यांचा. नाव घालू दिलं नाही म्हणून इथं सांगते."

सगळे वळले. वेनिंग तळलेल्या तेंपेची, सोयाबीनच्या कापांची, ताटली घेऊन भिंतीशी उभी होती. टाळ्या वाजल्या. आता काहीतरी वाटेल म्हणून ती थांबली. काही वाटलं नाही. तिनं ताटली शेजारच्या माणसाला दिली आणि रिकाम्या खुर्च्या एकीवर एक लावायला घेतल्या.

पुढच्या महिन्यात टपालानं दोन बाडं आली. दोन्हींवर तिचंच नाव होतं. एक तिनं दोनदा वाचलं आणि ठेवून घेतलं. दुसऱ्याच्या कवीला नकाराचं पत्र लिहायला सबंध सकाळ गेली. "तुम्ही फार घाईनं समजावता," असं तिनं लिहिलं, खाली सही केली आणि चौकात जाऊन पत्र टाकून आली.

मग तार्नोंची अंघोळ. कोपर बुडवून तिनं पाणी बघितलं, त्यांचा सदरा काढला आणि पहिला तांब्या ओतला. उजवा खांदा पार उतरला होता. हाड कातडीखालून वर आलं होतं. रोज इथंच ती साबण लावायची. आज तिला तो खांदा दिसला.

तांब्या खाली ठेवून ती ओल्या फरशीवर बसली. तार्नोंनी डावा हात पुढे करून तिच्या केसांवर ठेवला. जरा वेळानं ती उठली. पाणी निवत चाललं होतं.