धुण्याचं वर्ष

स्टेपलचा गंज बोटाला लागला, दालचिनीच्या पुडीसारखा तांबूस, आणि नोरीनने तो पुसला नाही. फाटक बंद होतं, समोरून कधी न संपणारी मालगाडी चालली होती, मागे बसभर मुलांचा कालवा, आणि तिच्या मांडीवर तो कॉमिकचा अंक... मधली पानं टाक्यापाशी सुटायला आलेली, इतक्यांदा उघडलेला की दुकानात कुणी फुकटसुद्धा घेतला नसता. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं तिला बरंच वाटत होतं. आज बुधवार, म्हणजे नवे अंक येण्याचा दिवस. त्यात हा फेब्रुवारीतला शेवटचा बुधवार. शेवटचा डबा गेला, फाटक उघडलं. तिने अंक जाकिटाच्या आत सरकवला, ब्रेक सोडला आणि स्कूलबस रुळांवरून अशी सावकाश नेली की मागच्या मुलांनी मुद्दाम जांभया दिल्या.

दरवर्षी फेब्रुवारीतल्या शेवटच्या बुधवारी इर्व्हच्या दुकानात लुटुपुटीचा खटला भरतो. इर्व्ह झायडल कॉमिक्स विकतो, आणि त्या दिवसापुरता न्यायाधीश असतो — काउंटरमागचं उंच स्टूल, डोक्यावर बायकोने विणलेली टोपी. साऱ्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडलेली एखादी जुनी कथा आरोपी म्हणून उभी करायची, कुणीतरी तिचं वकीलपत्र घ्यायचं. सुटली तर तिचे अंक महिनाभर नजरेसमोरच्या फळीवर. हरली तर टेबलाखाली, स्वस्त मालाच्या खोक्यात. नोरीन दरवर्षी एकाच कथेचं वकीलपत्र घेत आली होती आणि दरवर्षी तोंडावर पडत आली होती, आणि त्याचं तिला काही वाटत नसे, कारण खोक्यातली गोष्ट निदान दुकानात तरी असते, पावसाच्या भीतीने आत शिरलेला कुणी वाकून उचलण्याची शक्यता असते... पण यंदा इर्व्ह अर्धं दुकान शेजारच्या न्हाव्याला देतोय. टेबल जाणार. टेबलाखालची खोकी रद्दीत जाणार. सगळे अंक विकत घेऊन घरी न्यावेत तर ते वाचणार कोण? मीच ना. माझं तर पाठ आहे.

कॅप्टन हॅलयार्डची ती कथा. चांगला आभाळात उडणारा, पूल उचलून धरणारा माणूस, आणि एल्डन प्रुइट नावाच्या लेखकाने त्याची शक्ती काढून घेतली, ती एका अंकापुरती नव्हे, सबंध वर्षभर. आणि त्याला लावलं कुठे तर इस्पितळाच्या लाँड्रीत. वर्षभर तो चादरी धुतो. बसने कामाला जातो. खलनायक येतात, त्याला ओळखत नाहीत, निघून जातात. लोक इतके खवळले की अंकाच्या शेवटी वाचकांची पत्रं छापतात ती पानं महिनोन्महिने शिव्यांनी भरली होती — सभ्य शिव्यांनी, पण शिव्यांनीच. त्यांनी त्या कथेला 'धुण्याचं वर्ष' म्हणायला सुरुवात केली, नायकाला 'कॅप्टन धोबी'. प्रुइट पुढे काय करू लागला कुणाला माहीत नाही. नोरीनला वाटतं तो कुठेतरी मजेत असेल. ज्याला ते पान सुचलं तो माणूस फार काळ दुःखी राहूच शकत नाही.

ते पान. — बस शाळेच्या दारात उभी करताना, मुलं ढकलाढकली करत उतरताना, एकाची टोपी खाली पडताना आणि तिने ती मागून ओरडून उचलायला लावताना ते पान तिच्या डोळ्यांपुढे तसंच होतं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, बेकरीच्या वरच्या खोलीत एकटी, आयुष्यातली पहिली स्वतःची किल्ली खिशात, आणि दर रविवारी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत नाणी टाकून मशीन संपायची वाट बघत बसलेली. घरी असताना चादरीची घडी म्हणजे दोघींचं काम: आई तिकडून, ती इकडून, ताणायचं, झटकायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकं देऊन मागे व्हायचं. एकटीला ते जमेना. चादर जमिनीला लागायची. मग ती एक कड हनुवटीखाली दाबून धरायची आणि आरशात दिसायचं ते ध्यान बघून स्वतःशीच हसायची... आणि तिथे, गरम ड्रायरला पाठ लावून तिने सातवा अंक उघडला होता. सात चित्रं. एकही शब्द नाही. हॅलयार्ड आणि लाँड्रीतली एक म्हातारी, दोघं मिळून एका चादरीची घडी घालतात. जवळ येतात, लांब जातात, जवळ येतात. शेवटच्या चित्रात म्हातारी घडीवर थापटी मारते आणि तो हसतो — त्या नायकाला हसताना कुणी कधी काढलंच नव्हतं. नोरीनला त्या रविवारी इतका आनंद झाला होता की तिने चादरी पुन्हा मोडून पुन्हा घड्या घातल्या होत्या. एवढंच. लोकांना वाटतं माणूस एखाद्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं भांडतो त्यामागे काहीतरी मोठं दुखणं असणार. नसतं. सुख असतं, आणि ते कुणाला दाखवता येत नाही म्हणून माणूस भांडतो.

दुपारची फेरी सुरू व्हायला अवकाश होता. दुकानाची घंटी वाजली, बुटांवरचं बर्फ तिने पायपुसण्यावर आपटलं, आणि आतून हॉलिसचा आवाज आला, "आल्या वकीलबाई. धुणं आणलंय?"

हॉलिस पेटवे. सबंध आयुष्य टपाल वाटण्यात गेलेला, आता निवृत्त, आणि या खटल्यातला कायमचा फिर्यादी. दर बुधवारी ती दोघं एकाच कपाटापाशी खांद्याला खांदा लावून नवे अंक चाळतात, तो आपल्या पिशवीतली मधाची जाळीदार मिठाई पुढे करतो, ती एक तुकडा घेते, आणि मग ती एल्डन प्रुइटवरून कचाकचा भांडतात. त्याच्या मुलीच्या लग्नात ती दोघं जेवणाच्या टेबलावरही त्यावरूनच भांडली होती. तिला भाऊ नव्हता. असता तर त्याच्याशी ती याहून जास्त बोलली असती असं तिला वाटत नाही.

त्याने आरोप वाचायला घेतले, आणि नेहमीसारखे सगळे हसले, नोरीनही हसली, कारण हॉलिस बोलायला लागला की हसू येतंच. नायक वर्षभरात एक ठोसा मारत नाही. त्याचा झगा कपाटात टांगलेला, त्याला कसर लागते. सातव्या अंकात तर सबंध पानभर एक बेडशीट. "बेडशीट," हॉलिस म्हणाला, आणि जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. मग तो थांबला. त्याचा आवाज जरा खाली आला आणि तो तिच्याकडेच बघून बोलला.

"बर्फात चालणं काय असतं ते मला शिकवू नका. मी जन्मभर चाललोय. शनिवारी पाय टबात बुडवून बसायचो तेव्हा मला उडणारा माणूस हवा होता. आणि त्या प्रुइटने तेवढाच नेमका माझ्याकडून काढून घेतला."

बाकीच्या आरोपांना ती फटाफट उत्तरं द्यायची — ठोसे काय, दर महिन्याला चाळीस अंकांत असतात — पण इथे आली की तिचं घोडं अडायचं, कारण हॉलिस खरं बोलत होता, आणि दोघांचंही खरं असताना वकिली कशी करायची हे कुणी सांगितलेलं नाही...

"पुरावा," इर्व्ह म्हणाला. नियमच आहे तो: फिर्यादीने अंक स्वतःच्या घरून आणायचा. हॉलिसने सातवा अंक वर धरला. पारदर्शक पिशवी, मागे पांढरा पुठ्ठा, वरची घडी टेपने चिकटवलेली. त्याचा संग्रह सबंध बफेलो शहरात सगळ्यांत नीटनेटका म्हणून ओळखला जातो. नोरीनचं लक्ष त्या टेपकडे गेलं. दरवर्षी तो हा अंक असाच वर धरायचा आणि दरवर्षी ती अंकाकडे बघायची. आज टेपकडे बघितलं. मधासारखी पिवळी पडलेली, कडांना धूळ बसलेली, एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत अखंड.

"हॉलिस," ती म्हणाली, "तू हा वाचलायस ना?"

हॉलिसने वर धरलेला हात खाली आणला.

"चौथ्यानंतर सोडलं मी," तो म्हणाला. "पण घेत राहिलो. मालिकेत मध्येच भोक कसं ठेवणार?"

आणि गंमत अशी की कुणी हसलंच नाही. दुकानातल्या प्रत्येकाने समजुतीने मान हलवली. प्रत्येकाच्या घरी माळ्यावर अशी एखादी मालिका होती, मनापासून तिटकारा असलेली, महिन्याच्या महिन्याला इमानेइतबारे विकत घेतलेली, न उघडता सीलबंद केलेली. नोरीनच्याही घरी होती. मग इर्व्हला आधी हसू फुटलं, टोपी डोळ्यांवर आली, आणि पाठोपाठ सगळं दुकान हसायला लागलं, हॉलिस सोडून.

डोळे पुसत इर्व्ह म्हणाला की खटला संपला, फिर्यादी चारी मुंड्या चीत, धुणं फळीवर. तो पुठ्ठ्याची पाटी शोधायलाही लागला. इतक्या वर्षांनी जिंकले मी... तिने वाट पाहिली, आतून काहीतरी उसळेल म्हणून. आणि तिला दिसलं ते फक्त हॉलिसचं खाली गेलेलं तोंड. फळीवरचे अंकसुद्धा लोक न उघडताच नेणार होते. जिंकल्याने एक पानसुद्धा उलटत नाही.

"निकाल थांबव," ती म्हणाली. "त्याला उघडू दे."

"इतकी वर्षं वारा लागला नाही याला," हॉलिस पुटपुटला.

"म्हणूनच."

त्याने पिशवी काउंटरवर ठेवली. हातमोजे काढले. त्याची बोटं टपालाने जाड झालेली, टेपची कड नखात येईना. मग त्याने पिशवी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि नोरीनने गंज लागलेल्या बोटाने टेप उचकटली, हळूहळू, दोघांचे श्वास एकमेकांच्या हातांवर. अंक बाहेर निघाला तेव्हा त्याला नव्या कागदाचा वास होता. तिचा स्वतःचा अंक त्या वासाचा होता तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि क्षणभर ड्रायरची ऊब पाठीला लागली.

हॉलिस वाचायला लागला. तो चष्मा कपाळावर सारून, अंक नाकाशी धरून वाचतो. तिला फक्त त्याचे हात दिसत होते. एक पान. दुसरं. ते पान आता येईल — तिला ठाऊक होतं, डावीकडचं. हीटर कुरकुरत होता. आणि एकाएकी तिला भीती वाटली, इतकी की तिने काउंटरची कड धरली. आवडलं तर? मग बुधवारी आम्ही काय बोलणार? इतकी वर्षं ते पान माझ्या एकटीचं होतं, सगळं गाव एका बाजूला आणि मी एका बाजूला, आणि त्या एकटेपणाची मला केवढी चटक लागली होती. न आवडलं तर मी पुन्हा भांडेन, ते मला येतं. आवडलं तर काय करायचं ते मला येत नाही...

हॉलिस त्या पानावर आला. त्याचे हात थांबले.

त्याने पान उलटलं नाही. इर्व्हने घसा खाकरला, विचारलं, मग काय? हॉलिसने अंकामागून एक बोट वर केलं, थांब, एवढंच, आणि पुन्हा अंक धरला. नोरीनला दुपारच्या फेरीसाठी निघायला हवं होतं. मुलं शाळेच्या पायऱ्यांवर गोळा होत असतील. ती निघाली नाही. चादरीचं दुसरं टोक कुणी हातात घेतलं की पहिल्यांदा जरा तोल जातो, हे ती विसरूनच गेली होती. हनुवटी वर करावी लागते, आपलं टोक दोन्ही हातांनी नीट ताणून धरावं लागतं, आणि तिकडचा कधी पुढे पाऊल टाकतो ते बघत राहावं लागतं. ती बघत राहिली. तिला हसू येत होतं आणि तिने ते येऊ दिलं.