मागच्या दाराचा लिंब

"गुरुजी, आमच्या गल्लीत काहून नाई येत तुमी?"

महागूने सायकलचं हँडलच धरलं, तेव्हा खेमराज गुरुजींना उतरावंच लागलं. कॅरिअरला बांधलेला काळा पत्रा खडखडला. तोच त्यांचा फळा. राजेगावच्या अलीकडच्या त्या गावात देवीची साथ आली, सरकारी हुकुमाने शाळेला कुलूप लागलं, त्याला तीन आठवडे होत आले होते. पाचवीची परीक्षा तर एप्रिलात होती. शाळा बंद म्हणून मास्तरने काय झोपा काढायच्या? गुरुजी रोज सकाळी पत्रा घेऊन गल्लोगल्ली फिरत. पोरं आपापल्या ओट्यावर बसत आणि गुरुजी मधोमध उभे राहून शिकवत.

नेम एकच. दारावर कडुलिंबाचा डहाळा दिसला की त्या घरापुढे थांबायचं नाही. घरात देवी निघाल्या की डहाळा बांधायचा, फोडणी बंद करायची, ही गावाची जुनी रीत. पण महागूच्या वस्तीने दीड वर्षापूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. देव-देव्या सगळं सोडलं होतं. तिथे डहाळा कोण बांधणार?

"कोनाच्या घरी रोग हाये, मले कसं समजन?" गुरुजी म्हणाले. "अन् इकडचे लोक बोंबलतात. वस्तीतून आले तं आमच्या ओट्याकडे फिरकू नका म्हणतात."

"मले इचारा ना! एकाच्याबी घरी नाई. डहाळा मात्र बांधनार नाई, गुरुजी. सोडलं ते सोडलं." महागूने हँडल सोडलं नाही. "माही कमला पाचवीत हाये. आमच्यातली एक तरी पोरगी पाचवी पास झालेली पाहू द्या मले."

गुरुजी वरमले. त्यांना स्वतःला रोगाचं भय नव्हतं, दंडावर लहानपणी टोचल्याचे वण होते. भय होतं ते गावच्या भोजराज पटेलांचं. पटेलांचा ओटा तुटला की गावात मास्तरचं काय राहतं? पण पोरीची आठवण झाली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"उद्या येतो," ते म्हणाले.

कमला म्हणजे वर्गातलं सगळ्यात सुंदर अक्षर. दोरी धरून धानाचं रोप लावावं तशा तिच्या ओळी. तिच्याकडे वाचनाचं पुस्तक तेवढं नव्हतं. पाचवीची अख्ख्या गावात दोनच पुस्तकं, त्यातलं एक पटेलांच्या शालिकरामचं. मग गुरुजींनी युक्ती काढली. सकाळी पटेलांकडून पुस्तक घ्यायचं, कमलाला द्यायचं, संध्याकाळी परत न्यायचं. पटेलांच्या घरी पुस्तक कुठे जातं ते सांगायचं नाही, बस्स.

शालिकराम मात्र त्याच्या दोन-चार दिवस आधीपासूनच ओट्यावर येत नव्हता. "सर्दी हाये त्याले," त्याची आई तुळसाबाई दाराआडून म्हणायची आणि पुस्तक बाहेर सरकवायची. गुरुजी ओट्यावरूनच आत धडा म्हणून दाखवायचे. पटेलांच्या पुढच्या दारावर डहाळा नव्हता. या घरातून फोडणीचा वास येईनासा झालाय, हे नाकाला कळलं असेल, पण डोक्यात काही शिरलं नाही.

पुस्तक न्यायला लागल्याच्या बाराव्या दिवशी पटेलांच्या दारातच सायकलची साखळी उतरली. हात काळे झाले म्हणून गुरुजी वाड्याला वळसा घालून मागच्या विहिरीवर गेले. मागच्या दारावर लिंबाचा डहाळा होता. पार वाळून चुरा व्हायला आलेला.

तुळसाबाई बादली घेऊन तिथेच उभी होती. ती काही दचकली नाही.

"मातेचा मान तं ठेवला, गुरुजी. मोरच्या दाराले बांधला असता तं तुमी आले नसते. पोराचं वरीस गेलं असतं. आता बरा हाये तो, खपल्या पडून राह्यल्या."

"अन् पुस्तक?"

"उशाशीच राह्यते त्याच्या. मोठा नाद हाये वाचायचा."

अरे देवा! गुरुजींनी हात धुतले नाहीत की साखळी बसवली नाही. सायकल तिथेच टाकून ते वस्तीकडे धावत सुटले. कमला भिंतीला टेकून बसली होती, पुस्तक मांडीवर उघडं.

"गुरुजी, आज आंग लय दुखून राह्यलं," ती म्हणाली.

लस टोचणारा माणूस त्यानंतर चार दिवसांनी वस्तीत आला. तोवर तिच्या तोंडावर बोट ठेवायला जागा उरली नव्हती. तीन आठवड्यांनी ती उठून बसली, जीव वाचला. डोळे दोन्ही गेले.

गुरुजी तीन दिवस घरातच होते. चौथ्या दिवशी महागूच्या अंगणात जाऊन उभे राहिले. "महागू, ते पुस्तक देवीच्या घरचं होतं. तुह्या घरी म्या आणलं."

महागू टोपली विणत होता. कितीतरी वेळ त्याचे हात चालूच राहिले.

"गल्लीत या म्हनून सायकल तं म्याच धरली होती," तो शेवटी म्हणाला. मग मान वर न करताच, "आता येनं बंद नका करू."

गुरुजी रोज येत राहिले. शाळा उघडल्यावरही, सुटल्या-सुटल्या थेट वस्तीत. ते वाचत, कमला पाठ करी. परीक्षेपर्यंत सगळं पुस्तक तिच्या तोंडी होतं.

परीक्षेच्या दिवशी जिल्ह्याहून, बालाघाटहून साहेब आले. गुरुजींनी हात जोडले, कमलाची तोंडी तरी घ्या म्हणाले.

"मास्टरजी, ऐसा कोई नियम नहीं है," साहेबांनी तिचं नावच वाचलं नाही.

आत शालिकराम पहिल्या रांगेत बसून लिहीत होता. बाहेर पडवीत कमला धुतलेल्या झग्यात, पाटी घेऊन बसली होती. आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहत होती. तिला सांगायची छाती कोणाचीच होईना.

घंटा झाली, साहेब पेपर घेऊन गेले. गुरुजी प्रश्नपत्रिका घेऊन पडवीत आले आणि कमलासमोर खाली बसले. "चल बेटा, लिही." त्यांनी पहिला प्रश्न वाचला, मग दुसरा.

कमला भरभर लिहू लागली. एक ओळ पुरी झाली, हात डावीकडे परत आला आणि दुसरी ओळ पहिलीवरच चढली. तिसरीही तिथेच. बाकी सगळी पाटी कोरी राहिली आणि मधोमध एक पांढरा पट्टा जाड होत गेला. गुरुजींना त्यातलं एक अक्षर लागेना.

"झालं," तिने पाटी पुढे केली. "चुकलं काई, गुरुजी?"

गुरुजींनी पाटी दोन्ही हातांनी घेतली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. "नाई बेटा. एकबी नाई चुकलं."

"मंग पास?"

"हौ. पास."

महागू पायरीशी उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण कमलाची ओळ कशी असायची ते त्याने रोज पाहिलं होतं. त्याने पाटीकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं.

"पुसू नका," तो म्हणाला.

खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याने पाटी अलगद गुंडाळली, अक्षर घासणार नाही अशी. ती काखेत धरली, दुसऱ्या हाताने पोरीचं बोट धरलं आणि पायऱ्या मोजत तिला खाली उतरवलं.