टेबलावरची दुपार

आमच्या लेकीचं, क्रांतीचं म्हणणं असं, की जेवणाची सुरुवात नाकापासून होते. पुण्यात ती लोकांची जेवायची टेबलं सजवून देते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, "म्हणजे ताटं मांडतेस?" त्यावर ती बरेच दिवस माझ्याशी नीट बोलली नव्हती. आता मला कळतं. आधी उजेड येतो, मग वास, मग कापड, आणि कुठं कोपऱ्यात जागा उरलीच तर भात.

दिवाळीला ती सांगलीला आली ती आमच्या टेबलाचा जीर्णोद्धार करायच्या तयारीनंच. लोणच्याच्या बरण्या, औषधांचा डबा, ह्यांचा चष्मा, हळदीच्या नमुन्यांच्या पुड्या असा सगळा संसार तिनं टेबलावरून उचलला. लांबलचक तागाचं कापड अंथरलं आणि मधोमध एक दिवा ठेवला. बुटका, पोटाशी गोल, डोक्यावर तांब्याचं जाळीदार टोपण. आत अत्तराच्या तीन कुप्या. फोनवर बोट ठेवलं की दिव्याचा रंग बदलायचा आणि त्याबरोबर वासही. सकाळ म्हटलं की कोवळा उजेड आणि चंदन. दुपार म्हटलं की लख्ख पांढरा उजेड आणि वाळा. सांज म्हटलं की तांबूस उजेड आणि मोगरा.

"आणि मी हे पुण्यातूनसुद्धा करू शकते," क्रांती म्हणाली.

"पुण्यातून भांडी पण घासता येतात का बघ," मी म्हटलं.

खिडकीला तिनं जाड पडदाही लावला. बाहेरचा उजेड आत आला की दिव्याचा रंग फिका पडतो म्हणे. त्या खिडकीखाली माझ्या सासूबाईंनी, अक्कांनी, लावलेली गुलबक्षी आहे. तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही.

अक्कांची नजर आता गेल्यात जमा आहे. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. पण लग्न होऊन आल्या त्या वर्षी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मुनिमहाराजांपुढे त्यांनी नेम घेतला, की दिवस मावळल्यावर अन्नाला हात लावायचा नाही. तो त्यांनी बाळंतपणात मोडला नाही, टायफॉइडमध्ये मोडला नाही. माझं माहेर फलटणचं, आमच्याही घरी हे पाळायचे, पण माझ्या पिढीपर्यंत येताना ते चातुर्मासापुरतं उरलं. क्रांती तर रात्री अकराला जेवते आणि त्याला लवकर म्हणते. अक्कांनी कधी कुणाला टोकलं नाही. संध्याकाळी गुलबक्षी फुलून तिचा वास खिडकीतून आत आला, की त्या ताट सरकवायच्या. "झालं. मावळला." बस्स.

नेमाचं दुखणं गेल्या वर्षी सुरू झालं. दुपारच्या गोळ्यांनी अक्कांना गाढ झोप लागते. उठतात तो दिवे लागलेले असतात. पाचला मी हलवून उठवते, तर घास तोंडात तसाच ठेवून त्या पेंगतात. गोळ्यांच्या वेळा बदलून बघितल्या, दूध करून बघितलं, नाचणीची आंबील करून बघितली. डॉक्टरांनी वजन बघून मान हलवली. "संध्याकाळचं जेवण गेलं पाहिजे पोटात. नाहीतर पुढच्या वेळी दवाखान्यात ठेवून सलाइन लावावी लागेल." हे, म्हणजे माझे यजमान अतिशय, घरी आल्यावर आईच्या पायाशी बसून म्हणाले, "आई, औषध म्हणून खा की रात्रीचं."

"औषधाला भाकरी म्हनत न्हाईत रं," अक्का म्हणाल्या आणि त्यांच्या केसांतून हात फिरवत बसल्या.

ते झालं ते अगदी चुकून झालं. मी आरतीला बस्तीत गेले होते. दिवाळी करून परत गेलेल्या क्रांतीचं पुण्यात प्रदर्शन होतं आणि तिथल्या बायकांना तिला दाखवायचं होतं, की सांगलीतला दिवा पुण्यातून कसा बदलतो. हे इकडे फोन धरून उभे, टेबलाचं चित्र तिकडे दाखवत. क्रांतीनं दुपार लावली. तेवढ्यात अक्का झोपेतून उठून भिंत धरत बाहेर आल्या.

"दिवस हाय व्हय अजून?"

"हाय की," हे म्हणाले. लक्ष सगळं फोनात.

मी परतले तेव्हा रस्त्यावरचे दिवे कधीचे लागले होते. दारातून बघते तर अक्का टेबलाशी बसलेल्या, पुढ्यात लख्ख उजेड, घरभर वाळ्याचा वास, आणि त्या ह्यांनी वाढलेली भाकरी मुगाच्या आमटीत कुस्करून पडवळाबरोबर खात होत्या. नुसत्या खात नव्हत्या, चवीनं खात होत्या. बोटं चाटत होत्या.

"चंदन, आलीस का? आज पडवळ लय ब्येस झालंय बग. आन हितं वाळा कुठनं आला गं? उनाळ्यात माजा बाप माठावर वाळ्याचा पडदा टाकायचा, तसं वाटाय लागलंय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चूक त्यांना मी दारात दिसल्यावर कळली होती, चेहरा पांढरा पडला होता. पण अक्कांनी आणखी अर्धी भाकरी मागितली. ह्यांच्या चेहऱ्यावरचा पांढरेपणा हळूहळू ओसरला आणि त्या जागी जे आलं, त्याला मी काय म्हणू? लहान मुलाला हरवलेलं काहीतरी सापडल्यावर येतं तसं काहीतरी. मी दार लोटून घेतलं, बाहेरचा अंधार आत येऊ नये म्हणून. माझं पहिलं पाप ते, असं म्हणा हवं तर. मी फक्त दार लोटलं.

स्वयंपाकघरात मी ह्यांना म्हटलं, "अहो, त्यांचा नेम."

"नेम आईनं मोडलेला नाही. तिला माहीतच नाही, तर मोडला कसा? लागलंच तर मला लागेल."

"असं वाटून घेता येतं होय?"

"मग तू सांग जा तिला." त्यांचा आवाज फाटला. "जा, सांग. आणि सलाइनच्या बाटलीजवळ तूच बस."

मी नाही सांगितलं.

मग रोजचंच झालं. क्रांतीनं दिव्याला वेळ लावून दिली. अक्का उठायच्या सुमाराला आपोआप दुपार व्हायची. क्रांती फोनवर म्हणाली, "आई, उगाच त्रास करून घेऊ नकोस. आपण फक्त वातावरण तयार करतोय." बाहेर वटवाघळं उडायची आणि आत आम्ही दुपार करून बसायचो. अक्कांचे गाल भरले. हे दुकानातून रोज फोन करायचे, "जेवली का आई?" आणि जेवली म्हटलं, की पलीकडून सुस्कारा ऐकू यायचा. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्या उत्तरानं ह्यांना इतकं बरं वाटल्याचं मला आठवत नाही.

मी मात्र त्या पांढऱ्या उजेडात वाढताना अक्कांच्या तोंडाकडे बघायचं टाळायला लागले.

आणि एक दिवस घास हातात धरून अक्का थांबल्या.

"चंदन, गुलबक्षीला पानी घालतीस न्हवं?"

"घालते की, अक्का."

"मग फुलंना का गं ती? लय दिस झालं, वास म्हनून न्हाई. का फुलतीया आन मलाच येत न्हाई?" त्या जरा हसल्या. "डोळं गेलं तवा म्हटलं, जाऊ दे, नाक हाय. आता नाकबी चाललं वाटतं. मग मला कळायचं कशानं गं, कवा काय झालं ते?"

वाळ्याचा वास आमच्या मध्ये भिंतीसारखा उभा होता. मी म्हटलं, "थंडीनं होतं असं." अक्कांनी मान डोलावली आणि उरलेला घास खाल्ला, पण चव गेल्यासारखा. मग त्या बसल्या जागी लिंबाची फोड उचलून हुंगायला लागल्या. मग पदर हुंगला. मग स्वतःची बोटं. आपलं नाक तपासून बघत होत्या.

ते मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्या उठून बाहेर आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला. टेबलाकडे नेण्याऐवजी मागच्या दारानं अंगणात नेलं. का नेलं, पुढं काय होणार, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नाक गेलं म्हणून ती बाई मनात रडत असताना मी कुठवर वाढत बसू?

गुलबक्षी अंगभर फुलली होती. अक्का वाकल्या, चेहरा फुलांत घातला.

"हाय गं! हाय की नाक! चंदन, लय ग्वाड वास येतोय!" त्या चक्क हसत होत्या, माझा दंड दाबत होत्या.

मग हसू थांबलं. त्यांनी मान वर केली. डोळ्यांपुढं अंधार होता, तो त्यांना कळत होता. अंगाला गार वारा लागत होता. मागच्या उघड्या दारातून मात्र पांढरी लख्ख दुपार अंगणात सांडली होती. अक्कांनी तोंड त्या उजेडाकडे वळवलं, मग परत झाडाकडे.

"मावळला व्हय," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या केसांत अडकलेलं फूल काढलं.

"कवापासनं?"

उत्तराची वाट न बघता त्या माझ्या खांद्याचा आधार घेत आत आल्या, आपल्या खुर्चीवर बसल्या आणि चाचपत हात दिव्यापर्यंत नेला. तांब्याच्या जाळीवर बोटं फिरवली.

"ह्योच व्हय तुमचा सूर्य?"

"अक्का, ह्यांनी… तुम्ही जेवत नव्हता म्हणून…"

"कळलं गं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "माजं मी बगीन. उपास करीन, बस्तीत जाऊन सांगीन. पर अतिशयाला म्हनू नगंस, मला कळलं म्हनून."

"असं कसं?"

"दमून येतंय प्वार. आई जेवली म्हनून झोपतंय तरी." त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "रोज वाढ. मी हितं बसत जाईन."

"आणि तुमचं पोट, अक्का? सोमवारी वजन करायला जायचंय."

"सकाळी दोन घास जास्ती खाईन की," त्या म्हणाल्या. दोघींनाही माहीत होतं, की सकाळी त्यांना अर्धी भाकरीसुद्धा जात नाही.

ह्यांना सांगून टाकावं, तर अक्कांचा शब्द मोडतो. न सांगावं, तर सोमवारी काटा सांगणारच आहे. मी खुर्चीत बसून राहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"जेवली का आई?"

समोर अक्का हात मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या, फोटोला बसावं तशा. त्यांनी माझ्या दिशेनं मान हलवली.

"जेवतायत," मी म्हटलं.

"दे बरं तिला."

मी फोन अक्कांच्या कानाला लावला. "व्हय रं," त्या म्हणाल्या. "पडवळ हाय. ब्येस झालंय. तू ये सावकाश."

फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "ताट तसंच हाय का?"

"हो."

"मग खा तू. आल्यावर भरल्यालं दिसंल त्याला. तुजा काय नेम न्हाई."

मी भाकरीचा तुकडा मोडला. वाळ्याच्या वासात पडवळाची चव काही लागत नव्हती. अक्का ऐकत होत्या, मी खातेय की नाही ते. म्हणून मी जरा आवाज करून चावत राहिले.