मोडक्या मागाची खुर्ची

माघ सरता सरता इचलकरंजीच्या गल्लीत उजेड कापसाचा होतो.

कोवळा, पांढुरका, तंतूतंतूंचा उजेड. कौलांच्या फटींतून तो उतरतो, विजेच्या तारांवर अडकतो, हवेत तरंगणाऱ्या सुताच्या कणांना सोनं लावतो. जिथे माग चालतात तिथे तो थरथरतो. जिथे माग थांबले तिथे तो नुसता पडून राहतो, वाळत घालून विसरलेल्या धोतरासारखा.

दुंडाप्पाच्या घरासमोरचा कारखाना थांबला होता. चोवीस मागांचा कारखाना; गल्लीच्या छातीतला ठोका. मालकाच्या मुलाने गावाबाहेर नवे माग घातले, धोट्याविना विणणारे, वाऱ्याच्या वेगाचे. जुन्यांचं लोखंड भंगाराच्या ट्रकमधून गेलं. लाकूड मात्र कुणालाच नको होतं. ते पटांगणात ढीग होऊन पडलं, आणि गल्लीच्या तरुण मंडळाने ते होळीसाठी मागून घेतलं.

त्या ढिगात धोटे होते: होडीच्या आकाराचे, धागा पोटात घेऊन जन्मभर इकडून तिकडे धावलेले. त्या धोट्यांच्या पोटात बसणाऱ्या, सुताने भरायच्या लाकडी कांड्या होत्या. आणि हात्ये होते. हात्या म्हणजे मागाचा झुलता हात. पुढे येतो, आडवा धागा कापडात ठोकतो, मागे जातो. पुढे येतो, मागे जातो. दिवसाला किती वेळा, ते कुणी मोजलं नाही.

दुंडाप्पाने पन्नास वर्षं हे माग दुरुस्त केले. उभ्याने. त्याची बायको काशव्वा याच मागांसाठी तीस वर्षं कांड्या भरत होती. बसून. त्याचं आयुष्य उभ्या धाग्याचं, तिचं आडव्या धाग्याचं. आणि त्या दोन धाग्यांचं जे कापड झालं तो त्यांचा संसार.

दिवाळीच्या आदल्या दिवशी काशव्वा मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घातली, टाके घातले, घरी पाठवलं. आता कुणी तिला उभी केली तर ती काठी टेकत घरभर चालायची, आमटीला फोडणी द्यायची, तुळशीला पाणी घालायची. पण एकदा बसली की संपलं. बसलेल्या काशव्वाला उठता येत नव्हतं.

खाटेवरून उठता येत नव्हतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठता येत नव्हतं. हातांवर भार दिला की ती खुर्चीच मागे पळायची. शहात्तर वर्षांच्या दुंडाप्पाचा उजवा खांदा कधीचाच गेलेला, त्याला ती उचलवत नव्हती. शेजारची मुमताज दिवसातून तीनदा यायची, काखेत हात घालायची, "चला मामी, सूर्य उगवला," म्हणायची आणि काशव्वाला उगववायची.

पण मुमताजची लेक मिरजेत बाळंत होणार होती. रंगपंचमी झाली की मुमताज महिनाभर तिकडे जाणार होती.

पुण्याहून महादेवीचा फोन आला. एकुलती एक लेक ती. "आप्पा, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन येते. आईला इकडंच ठेवते. तुम्हाला ती उचलवत नाही, आणि माझ्या घरात एकच खाट मावते. तुमचं जेवणाचं मी डब्याला सांगते."

लेकीचा आवाज बोलता बोलता भिजला होता. त्यात खोट नव्हती.

फोन ठेवल्यावर काशव्वा भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवर काही नव्हतं.

"मी गेली की दूध उतू घालशीला," ती म्हणाली.

"घालीन की," दुंडाप्पा म्हणाला, आणि उठून समोरच्या पटांगणात गेला.

*

तो ढिगाजवळ बसला. मोडक्या लाकडांना हात लावू लागला, जसा एखादा गावाहून परतलेला माणूस एकेकाची विचारपूस करतो. हा सहा नंबरचा हात्या, डावीकडे ओढायचा. हा धोटा, शिसवीसारखा काळा, हातांच्या घामाने चकाकलेला. माग मरतो, पण त्याचं लाकूड मरत नाही. पन्नास वर्षांची हालचाल त्याच्या शिरांत साठलेली असते.

आणि त्याला वाटलं, जो हात जन्मभर पुढे येत होता, तो आणखी एकदा पुढे येईल.

त्याने खुर्ची मांडली. कुणी कधी न पाहिलेली, कुठल्या दुकानात न मिळणारी. हात्याच्या दोन दांड्या खाली खुंटीवर झुलत्या ठेवल्या आणि त्यांच्यावर बैठक बसवली. बसणारा मागे रेलला की बैठक मागे जायची, निवांत. तो पुढे झुकला की बैठक पुढे यायची, आपली मागची कड हलकेच वर उचलायची, आणि बसलेल्याचा भार त्याच्या पायांकडे सोपवायची. खुर्चीच्या हातांच्या जागी दोन धोटे. पाठीला ओळीने ओवलेल्या कांड्या, टेकलं की गोल फिरणाऱ्या. बैठकीचं विणकाम नव्या मागांतून निघणाऱ्या कातरणीचं: कापडाच्या काठाच्या लांबच लांब, रंगीबेरंगी, फेकून दिलेल्या दशा. लाल, पोपटी, हळदी, जांभळ्या. वाया गेलेल्या सगळ्या कापडांची एक बैठक.

फक्त एकच गोष्ट अडली. उंची.

"काशे, पाय जरा पुढं कर. टाचेपास्नं गुडघ्यापतुर माप घेतो."

काशव्वाने पाय लुगड्यात ओढून घेतला. "नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा? पाप कुणाच्या माथी?"

"डॉक्टरनं लावला तवा?"

"त्यो डॉक्टर. त्येच्या नावाचं कुंकू लावती काय मी?"

दुंडाप्पाने डोळ्यांनीच अंदाज घेतला. पण त्याचे डोळे मागाचे होते. त्याच्या हाताला मागाची उंची ठाऊक होती, उभं सूत गुंडाळायच्या बीमची ठाऊक होती, उभ्या माणसाची कंबर ठाऊक होती. चौपन्न वर्षं शेजारी बसलेल्या बाईचा गुडघा जमिनीपासून किती वर असतो, ते त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं.

खुर्ची मागाच्या उंचीची झाली.

मुमताजने काशव्वाला तिच्यावर चढवलं. काशव्वाचे पाय अधांतरी लोंबू लागले, जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या मुलीसारखे.

"मामा, शिडी कुठं ठेवलीसा?" मुमताजने विचारलं. "का मामीला माळ्यावर टाकायचं ठरलंय?"

"हितनं मला पंचगंगा दिसायलीय बघ," काशव्वा म्हणाली, आणि दोघी हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग मुमताज आपलं पाणी पुसून घरी गेली. काशव्वाचं पाणी थांबलं नाही.

*

होळी झाली. पटांगणातला ढीग ज्वाळा झाला, ज्वाळा निखारे झाल्या, आणि सकाळी गल्लीतल्या बायका त्या निखाऱ्यांवर आंघोळीचं पाणी तापवून गेल्या. राखेत एक धोट्याचं लोखंडी टोक तेवढं चमकत होतं. आता तसलं लाकूड उरलं नव्हतं. दुंडाप्पाने ढिगातून वाचवलेलं सगळं त्या एका खुर्चीत होतं.

तो करवत घेऊन तिच्यासमोर बसला. पाय कापायचे होते. पण किती? बोटभर कमी कापलं तर काशव्वाच्या टाचा टेकणार नव्हत्या. बोटभर जास्त कापलं तर ती खोल बसणार, आणि खोल बसलेली पुन्हा उठणार नव्हती. कापलेलं लाकूड परत वाढत नाही. एकदाच कापायचं होतं.

करवत लाकडावर टेकली. थांबली. पुन्हा टेकली. पुन्हा थांबली.

खाटेच्या कडेवर बसलेली काशव्वा ते बघत होती. ज्या हाताने चालत्या मागातला तुटका धागा डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडला, तो हात तिने पहिल्यांदा भिताना पाहिला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"माप न्हाई," तो म्हणाला.

गल्लीत दुपार साचली होती. कुठेतरी दूर नवे माग वाऱ्यासारखे वाहत होते.

दुंडाप्पा करवत खाली ठेवून तिच्यासमोर आला आणि जमिनीवर बसला. "पन्नास वर्सं," तो म्हणाला, "कामावर गेलो की आधी मागाच्या पायाला हात लावला. मग कपाळाला. रोज. का? तर भाकरी दिली म्हणून." त्याने मान वर केली. "तू काय कमी भाकरी दिलीस गं?"

काशव्वाने डोळे मिटले.

आणि लुगड्याच्या घोळातून, हळू, अतिहळू, जशी पहाट कौलाखालून सरकते तसा, तिचा उजवा पाय पुढे आला.

भेगाळलेला पाय. सावळा, सुकलेला, सहनशील. जोडव्यांनी बोटांवर पांढरे वळ कोरलेले. दुंडाप्पाने तो पाय कधी पाहिला नव्हता असं नाही. पण बघितला नव्हता. कांड्या भरताना तीस वर्षं ज्या टाचेने जमीन रेटली ती टाच दगडासारखी झाली होती, आणि तिच्या वर, घोट्याजवळ, कातडी अजून लहान मुलीची होती.

त्याने पांढऱ्या सुताचं टोक तिच्या टाचेखाली सरकवलं. धागा पोटरीवरून वर नेला, तिचा हात घेऊन गुडघ्यापाशी त्यावर ठेवला, आणि तिथे गाठ मारली. विणकराची गाठ, बारीक, न सुटणारी. दोन वितींना चार बोटं कमी. एवढीशी होती ती. चौपन्न वर्षं तो तिला मागाएवढी उंच समजत आला होता.

मग त्याने टाचेला लागलेला हात उचलला आणि सवयीने कपाळाला लावला.

"आवं, आवं, काय करताय!" काशव्वाने डोळे उघडले, घाईने वाकली, त्याच्या डोक्याला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. एकदा, दोनदा, तीनदा. पाप फेडून टाकावं तसा. आणि तिसऱ्यांदा तो हात त्याच्या विरळ केसांतच राहिला.

दुंडाप्पाने खुर्चीचे पाय कापले. करवत थांबली नाही.

*

गल्लीत रंगपंचमीचे रंग उडत होते तेव्हा काशव्वा घरात उठायला शिकत होती.

पहिल्यांदा झुकली आणि भिऊन मागे पडली. दुसऱ्यांदा बैठक पुढे आली, पण तिने धोटे सोडले नाहीत आणि खुर्चीसकट परत गेली. "सोड त्यास्नी," दुंडाप्पा म्हणाला. "धोटा हातात धरून ठिवला तर कापड हुतंय व्हय?" मुमताज दारात उभी राहिली होती, हात पुढे, पण आत येत नव्हती. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, सातव्यांदा. आठव्यांदा मागाचा हात पुढे आला, आणि आडवी पडलेली, थकलेली, सळईवर जोडलेली ती बाई त्याने उभ्या धाग्यासारखी सरळ केली.

ती उभी होती. कुणीही तिला धरलं नव्हतं.

"सूर्य उगवला," मुमताज पुटपुटली, आणि पदराने तोंड झाकून घरी पळाली. दुसऱ्या दिवशी पहाटेची मिरजेची गाडी तिने निश्चिंत मनाने धरली.

त्याच दिवशी दुपारी महादेवी आली. हातात रिकामी बॅग, आईच्या लुगड्यांसाठी आणलेली. उंबऱ्यात थांबून तिने आत पाहिलं. खाट रिकामी होती. खिडकीजवळ एक विचित्र, सुंदर, सप्तरंगी खुर्ची होती, तीही रिकामी. पण ती हलत होती, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी.

"आप्पा, आई कुठाय?"

मागच्या दारातून काठीचा आवाज आला. काशव्वा येत होती, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या, अर्धा सांडलेला.

"हे घे. उन्हातनं आलीस."

"कुणी उठवलं तुला?"

"कुणी न्हाई."

महादेवीने बापाकडे पाहिलं. बाप खिडकीबाहेर बघत होता. तिने पुन्हा आईकडे पाहिलं, आईच्या मागे पाहिलं; तिथे कुणीच नव्हतं. मग ती त्या खुर्चीत बसली. कांड्या पाठीमागे गोल फिरल्या. बॅग मांडीवरून घसरून खाली पडली.

"पुण्यात तुझ्या खाटेवर नवी चादर घातलीय गं," ती म्हणाली, आणि लहान मुलीसारखी रडू लागली. "पडदेपण धुतले."

"मग येती की," काशव्वा म्हणाली. "आंबं आलं की येती. चार दिस, पावणी म्हणून. माझी मी उठीन, माझी मी बसीन, आणि कंटाळा आला की माझी मी परत यीन."

महादेवी रडता रडता हसली. ती हसली तशी हलली, आणि ती हलली तशी खुर्ची झुलू लागली.

काशव्वाने तांब्या खाली ठेवला. दिवाळीपासून ती सगळ्यांच्या तोंडाकडे खालून बघत होती. आज ती उभी होती आणि लेक बसली होती. तिने हात लांब केला, तळवा उघडा, लेकीच्या केसांपासून बोटभर अंतरावर. आणि तिथेच तो स्थिर धरला.

खुर्ची पुढे येत होती, मागे जात होती. पुढे येत होती, मागे जात होती. आणि दर वेळी, पुढे येताना, लेकीचं डोकं आईच्या तळव्याला लागत होतं.